विश्लेषण : जादूला घरी ठेवूनही ‘क्रिश’ चालला कसा?

‘मामा, नवीन क्रिशमध्ये जादू असणार का?’

माझा आठ वर्षांचा भाचा जेवताना मोबाइलवर ‘कोई... मिल गया’ तुकड्या-तुकड्यांत बघतो. त्याचा हा प्रश्न ऐकून मला हसू आलं, कारण हाच प्रश्न मी कित्येक वर्षांपूर्वी ऐकला होता. जून २००६. बाहेर कोल्हापूरचा धो धो पाऊस आणि आत सिंगल स्क्रीन टॉकीजमध्ये ओल्या छत्र्यांचा वास. ‘क्रिश’चं मध्यंतर झालं आणि शेजारी बसलेला माझा आत्तेभाऊ वैतागून म्हणाला, ‘आरं, पण एलियन कुठं हाय?’

एलियन नव्हताच. तरीही चित्रपट सुटल्यावर त्यानं शाळेचा रेनकोट उलटा करून घातला, पुठ्ठ्याचा मास्क कापला आणि आमच्या वाड्याच्या भिंतीवरून उडी मारली. हात मोडला. प्लास्टरवर त्यानं स्वतःच स्केचपेननं ‘क्रिश’ लिहून घेतलं.

आता हा विषय काढायचं कारण ‘क्रिश ४’. २८ मार्च २०२५ रोजी राकेश रोशन यांनी जाहीर केलं की या भागाचं दिग्दर्शन हृतिक रोशन करणार आहे आणि निर्मितीत आदित्य चोप्रा त्यांच्यासोबत असतील. तेव्हापासून समाजमाध्यमांवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न भाच्याचाच आहे. मला मात्र वाटतं, खरा प्रश्न वेगळा आहे. लोकांना जी गोष्ट सर्वांत जास्त आवडली होती, तीच काढून टाकून दुसरा भाग केला आणि तो चालला. हे कसं जमलं?

पहिल्या भागाचा फॉर्म्युला काय होता?

‘कोई... मिल गया’ ८ ऑगस्ट २००३ रोजी आला. रोहित मेहरा वयानं मोठा, पण बुद्धीनं लहान मुलासारखा. सातवीच्या वर्गात, बारक्या पोरांच्या टोळीत रमणारा. वडिलांनी अवकाशात संदेश पाठवण्यासाठी बनवलेला जुना कॉम्प्युटर त्याच्या हाती लागतो, यान येतं आणि एक निळसर पाहुणा मागे राहतो. तो जादू. त्याला ऊन लागतं, ढग आले की तो मलूल होतो. तो रोहितला आधी दृष्टी देतो, मग गणित, मग ताकद.

या कथेची नाळ स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘ई.टी.’शी (१९८२) जोडलेली आहे, हे तेव्हाच सगळ्यांनी ओळखलं होतं. त्याच्याही मागे गेलं तर सत्यजित राय यांची १९६२ची ‘बंकुबाबूर बंधू’ ही कथा आणि १९६७ मध्ये त्यांनी लिहिलेली, कधीच चित्रित न झालेली ‘द एलियन’ ही पटकथा भेटते. म्हणजे परग्रहावरचा भोळा पाहुणा आणि त्याला सांभाळणारा दुबळा माणूस ही जोडी रोशन यांनी शोधलेली नव्हती. त्यांनी ती घरगुती केली. आई, शाळा, सायकल, बास्केटबॉल, वर बोर्नव्हिटा.

असा चित्रपट हिट झाल्यावर दुसऱ्या भागात काय करायचं, याचं सोपं उत्तर समोरच होतं. जादू परत येतो, या वेळी सोबत जादूची बहीण. खेळणी विकायची, गाणी वाजवायची.

२००६ हे तसंही दुसऱ्या भागांचं वर्ष होतं. जूनमध्ये ‘फिर हेरा फेरी’, सप्टेंबरमध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’, नोव्हेंबरमध्ये ‘धूम २’. त्यातला ‘क्रिश’ २३ जूनला आला आणि त्यानं सगळा डावच बदलला.

मग ‘क्रिश’नं काय केलं?

नायक बदलला. रोहित नाही, त्याचा मुलगा कृष्णा. वर्गातल्या पोरांची टोळी गेली. जादू उरला तो आठवणीत आणि शेवटी दूरवरच्या एका यानापुरता. कसौलीसारख्या छोट्या गावातून कथा निघाली ती थेट सिंगापूरला पोहोचली. बालचित्रपटाचा अ‍ॅक्शनपट झाला. त्यासाठी ‘हीरो’ आणि ‘हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’चे हाँगकाँगचे अ‍ॅक्शन दिग्दर्शक टोनी चिंग सिउ-तुंग यांना आणलं. हृतिक झाडांच्या शेंड्यांवरून धावतो ती चाल त्यांचीच. आजही ती दृश्यं बघवतात, कारण तारेला लटकलेलं शरीर खरं आहे. नंतरच्या कितीतरी चित्रपटांत फक्त कॉम्प्युटर दिसतो.

आता थोडं कथानक, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर आहे. (वीस वर्षं जुन्या चित्रपटाला स्पॉयलर लागत नाही, असं मी धरून चालतो.) रोहित सिंगापूरला डॉ. सिद्धांत आर्या या उद्योगपती-शास्त्रज्ञासाठी भविष्य दाखवणारं यंत्र बनवतो. आर्याचा हेतू वाईट आहे हे लक्षात येताच तो ते नष्ट करतो. घरी बातमी येते ती रोहित मेल्याची. आजी नातवाला घेऊन डोंगरात जाते आणि त्याच्याकडून वचन घेते, आपली ताकद जगाला दाखवायची नाही. पुढे सिंगापूरच्या सर्कशीला आग लागते. मुलं आत अडकतात. कृष्णा जाकीट उलटं करतो, जमिनीवर पडलेला तुटका मास्क डोळ्यांवर लावतो आणि आत उडी घेतो. वचनही राहतं, मुलंही वाचतात.

आमच्या रेनकोटचं मूळ ते. शिंप्याकडून शिवून घ्यावा लागणारा सुपरहिरोचा पोशाख नव्हता तो, कुठल्याही पोराला दोन मिनिटांत जमणारा होता. पुढच्या आठवड्यात महाद्वार रोडवर काळे मास्क टांगलेले दिसायला लागले. आत्तेभावानं प्लास्टरच्या हातानं त्यातला एक घेतला.

ही गोष्ट आपल्या ओळखीची का वाटते?

हे मला कॉलेजात असताना, हॉस्टेलवर तिसऱ्यांदा बघताना कळलं. तेव्हा मी स्वतःवरच चिडलो होतो, इतकं ते समोर होतं.

भविष्य आधीच सांगणारी एक वाणी. ती ऐकून घाबरलेला सत्ताधारी. त्यानं कैदेत ठेवलेला बाप. दूर डोंगरात, जनावरांच्या सोबतीनं दुसऱ्याच स्त्रीच्या मायेत वाढलेला मुलगा. आपल्याला मारणारा हाच, असं समजून भलत्याच जिवाची हत्या. आणि शेवटी त्याच मुलाच्या हातून मरण. मुलाचं नाव कृष्णा. कंसाच्या जागी आर्या, आकाशवाणीच्या जागी कॉम्प्युटर.

म्हणजे रोशन यांनी ‘ई.टी.’चा साचा सोडला आणि हवेत उडी मारली, असं झालं नाही. त्यांनी परका साचा सोडून घरातला जुना साचा उचलला. प्रेक्षकाला जादू दिसला नाही तरी तो हरवला नाही, कारण कंसाचं काय होतं हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं.

पण नुसतं पुराण टाकून भागलं नसतं. पहिल्या भागातला एक धागा त्यांनी घट्ट धरून ठेवला : जादूनं रोहितला जे दिलं, त्याचं पुढे काय झालं?

अशी ताकद वारशानं मिळते का?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. साधं उत्तर, नाही.

मोतीबाग तालमीत दहा वर्षं जोर-बैठका काढलेल्या पैलवानाचं पोर जन्माला येतं ते इतर पोरांसारखंच मऊ मांसाचं. आयुष्यात कमावलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात, असं फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क मानत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी पिढ्यान् पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या. पिल्लं मात्र शेपटीसकटच जन्मत राहिली. शरीराच्या पेशींत झालेला बदल तिथेच संपतो, वारसा जातो तो फक्त बीजपेशींतून, ही त्यांची मांडणी.

मग कृष्णाला ताकद कशी मिळाली? एकच वाट उरते. जादूनं रोहितचे स्नायू किंवा मेंदू दुरुस्त केला नसणार, त्याच्या बीजपेशींतला मजकूरच बदलला असणार. चित्रपट हे सांगत नाही, पण गृहीत धरतो. आणि २००६ मध्ये जे परग्रहवासीयाच्या बोटाच्या स्पर्शाचं काम होतं, ते २०१८ मध्ये प्रयोगशाळेत झालं. चीनच्या हे जियानकुई यांनी भ्रूणाच्या जनुकांत फेरफार करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. जगभर गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. आक्षेप हा होता की असा बदल त्या मुलींपाशी थांबत नाही, त्यांच्या मुलांपर्यंत जाऊ शकतो, आणि त्या कुणालाच विचारलेलं नसतं.

कृष्णालाही कुणी विचारलेलं नव्हतं. डोंगरात लपून घालवलेलं त्याचं बालपण ही त्या देणगीचीच किंमत. पहिला भाग ‘भेट मिळाली’ असं म्हणत संपला होता. दुसरा भाग त्या भेटीचं बिल कुणाच्या नावावर फाटलं, ते दाखवतो.

आर्यानं रोहितला मारलं का नाही?

चित्रपटातलं हे स्पष्टीकरण मला सगळ्यात जास्त आवडतं. यंत्राला पासवर्ड आहे तो रोहितच्या डोळ्याच्या पडद्याचा आणि हृदयाच्या ठोक्याचा. म्हणून आर्या त्याला वीस वर्षं जिवंत ठेवतो.

आधार कार्डासाठी आपण डोळे दाखवतो तेव्हा बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याचा ठसा घेतला जातो. डोळ्याचा पडदा म्हणजे त्याच्याही मागे, आतल्या भिंतीवरचं रक्तवाहिन्यांचं जाळं. माणूस मेला की हा पडदा फार लवकर खराब होतो. हृदयाच्या ठोक्याचं तर सांगायलाच नको. म्हणजे रोहितनं निवडलेली कुलपं जिवंत माणसाशिवाय उघडणारीच नव्हती. तांत्रिक भाषेत याला सजीवतेची खात्री म्हणतात आणि आज बँकेचं अ‍ॅप तुम्हाला ‘डोळे मिटा, मान वळवा’ म्हणतं ते त्याचसाठी.

देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. चित्रपट त्याच्या चार वर्षं आधीचा. ठोक्यांवरून माणूस ओळखायचं काम तर पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानंही केलं. त्यांच्या ‘जेटसन’ या उपकरणाची माहिती २०१९ मध्ये बाहेर आली. सुमारे २०० मीटरवरून लेझर मारून ते छातीची कंपनं टिपतं.

(आमच्या कॉलेजातलं हजेरीचं यंत्र पावसाळ्यात कुणाचाच ओला अंगठा ओळखायचं नाही. त्या मानानं आर्याची लॅब फारच पुढची होती.)

विज्ञानकथा ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. त्यातलं विज्ञान काढून घ्या; गोष्ट तरीही उभी राहिली, तर विज्ञान ही नुसती रंगसफेदी होती. ‘क्रिश’मधून हा पासवर्ड काढला तर आर्या रोहितला पहिल्याच दिवशी मारून टाकेल आणि पुढचा चित्रपटच उरणार नाही. त्या एका कलमात ‘क्रिश’ पास.

ही कसोटी मी नकळत उचलली ती डॉ. जयंत नारळीकरांच्या कथा वाचून. त्यांचा जन्म कोल्हापूरचाच, १९ जुलै १९३८. २० मे २०२५ रोजी ते गेले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. आद्याक्षरं उलटी केली की नाव कळतं. त्यांच्या कथांत विज्ञान बाजूला काढायला जाल तर गोष्टच हातात येत नाही. हिंदी सिनेमाकडून तेवढी अपेक्षा मी करत नाही. एखाददुसरा प्रसंग तरी तसा असावा, इतकंच.

भविष्य दिसलं तर ते टाळता येतं का?

आर्याला यंत्रात दिसतं की क्रिश आपल्याला मारणार. सिंगापूरमध्ये क्रिश म्हणून ओळखला जातो तो क्रिस्टियन नावाचा सर्कशीतला तरुण. बहिणीच्या पायावरच्या उपचारासाठी त्याला पैशांची गरज, म्हणून कृष्णानं ते नाव त्याला वापरू दिलेलं. आर्या त्याला गोळी घालतो, निर्धास्त होऊन पुन्हा यंत्रात बघतो, आणि दृश्य तेच!

टॉकीजमध्ये तेव्हा शिट्ट्या झाल्या होत्या. भौतिकशास्त्रात या कल्पनेला नाव आहे. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांनी १९८०च्या दशकात मांडलेलं सुसंगततेचं तत्त्व. काळात मागे जाता आलं तरी इतिहासाशी विसंगत असं काही तुम्ही घडवूच शकणार नाही. तुमचा प्रयत्नही त्या इतिहासाचाच भाग असेल. आर्या भविष्य टाळायला धडपडतो आणि त्या धडपडीतूनच क्रिशला आपल्या दारात आणतो. कंसानं देवकीची मुलं मारली तेव्हा हेच झालं होतं.

सगळंच जमलं होतं का?

अजिबात नाही. पहिल्या भागातली निशा, म्हणजे प्रीती झिंटा, दुसऱ्यात पतीच्या विरहात गेली असं सांगून मोकळे झाले. रोहितला ज्या मुलीनं बरोबरीनं वागवलं, तिला एवढीच जागा. मधला सिंगापूरचा भाग पर्यटन खात्याच्या माहितीपटासारखा लांबतो. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे सातवीत बसणारा तो वेंधळा रोहित. पहिला भाग त्याच्या बाजूनं उभा होता (शेवटी त्याला ‘बरा’ करूनच थांबला, ही तक्रार वेगळी). दुसऱ्या भागाचा नायक जन्मापासून सगळ्यांत वरचढ. त्याला मास्क हवा असतो तो ताकद लपवायला. रोहितकडे लपवायला काहीच नव्हतं.

जगात इतरांनीही साचे मोडले आहेत. रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ या भयपटाचा जेम्स कॅमेरॉन यांनी १९८६ मध्ये ‘एलियन्स’ हा युद्धपट केला. १९९१च्या ‘टर्मिनेटर २’मध्ये पहिल्या भागातला मारेकरी रखवालदार झाला. २००९चा ‘टर्मिनेटर साल्व्हेशन’ पाठलाग सोडून थेट भविष्यातल्या युद्धात शिरला आणि फसला. नोव्हेंबर २०२५चा ‘प्रिडेटर : बॅडलँड्स’ तर शिकारी परग्रहवासीयालाच नायक करतो आणि माणसांना जवळपास हद्दपार करतो. यातल्या जमलेल्या चित्रपटांत मागच्या भागाचा एखादा परिणाम पुढे चालतो. नुसतं ठिकाण आणि काळ बदलून ‘साल्व्हेशन’ होतो.

‘क्रिश ३’चं काय झालं?

आधी एक शंका. ‘क्रिश २’ कुठे गेला? तो नाहीच. ‘कोई... मिल गया’ पहिला, ‘क्रिश’ दुसरा, म्हणून १ नोव्हेंबर २०१३ला आला तो ‘क्रिश ३’. आमच्या शाळेत यावरून पैजा लागल्या होत्या.

चित्रपटानं पैसे कमावले, व्हीएफएक्सही मोठे झाले. खलनायक काल हा रोहितच्याच अंशातून, आर्याच्या प्रयोगात जन्मलेला, व्हीलचेअरला खिळलेला. जरा थांबून बघा, केवढी गोष्ट आहे ही! एका बापाची दोन मुलं. एकाच्या वाट्याला जादूची ताकद आली, दुसऱ्याच्या वाट्याला निकामी शरीर आणि अनाथाश्रम. वारशाचा तोच प्रश्न, आणखी धारदार झालेला. चित्रपटानं तो दोन-तीन संवादांत उरकला आणि इमारती पाडायला घेतल्या. काल आणि त्याचे प्राणी-मानव बघताना ‘एक्स-मेन’ आठवत राहतो, रोहित आठवत नाही.

त्याच चित्रपटात रोहित मुलाला वाचवताना जीव देतो. आणि शेवटी कृष्णा-प्रियाचं बाळ जन्मतं, नाव पुन्हा रोहित, तेही उडायला लागतं. ‘क्रिश ४’च्या टेबलावर सध्या एवढं सामान पडून आहे : गेलेला आजोबा, थकलेला बाप आणि ताकद न मागता मिळालेली तिसरी पिढी. दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसणारा हृतिकही वडिलांनी उभारलेल्या दुकानाचा वारसदार. हे त्याच्या लक्षात आलं नसेल, असं मला वाटत नाही.

भाच्याला मी यातलं बरंच काही सांगून पाहिलं. उंदरांच्या शेपट्यांपर्यंत त्यानं ऐकलं. मग विचारलं, ‘पण क्रिशच्या बाळाला पॉवर नको असतील तर?’

मी म्हटलं, ‘तर मग त्या परत कोण घेणार?’

‘जादू,’ तो म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागला.